एक डाव राखून

भिलवडीच्या कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं फक्की मारली.
पदाचं नाव शिपाई, पण डिसेंबर उजाडला
की प्राचार्यसुद्धा मला विचारून मैदानात पाय टाकायचे.
खांबापासून खांबापर्यंत सुतळी ताणायची,
मग डबा हलवत मागं मागं सरकायचं,
आपल्याच रेषेवर आपला पाय पडू न देता.

आठ जण बसायचे. एकाचं तोंड नदीकडं,
शेजारच्याचं स्टेशनकडं.
पाठीवर थाप पडल्याशिवाय उठायचं नाही,
उठून एकदा दिशा धरली
की खांब येईस्तोवर माघारी वळायचं नाही.
हे सगळ्यांना सारखं होतं. बाकी काहीच सारखं नव्हतं,
तेव्हाही.

तरी ढाल फिरायची.
एका साली विट्याला, एका साली तासगावला.
कवठ्याची पोरं एकदा अनवाणी आली आणि घेऊन गेली,
परतीच्या एसटीत कंडक्टरनं ढालीचं अर्धं तिकीट फाडलं,
बारा वर्षांखालची दिसतीय, म्हणाला.
आम्हाला दोनदा मिळाली. दुसऱ्यांदा
सिकंदर मुजावर दोन मिनिटं चाळीस सेकंद कुणाला सापडलाच नाही.
वायदंडे सरांनी घड्याळ कानाला लावून बघितलं,
बंद पडलं की काय म्हणून.

मग खेळ टीव्हीवर आला.
नाक्यावरच्या सलूनमध्ये आम्ही तीस जण,
एकाची दाढी अर्धीच राहिलेली.
निळी मॅट, धूर, दिवे. रेषा आधीच छापलेल्या.
आणि एक नवीन गडी, वजीर म्हणे,
त्याला वाटेल तिकडं वळायची मुभा.
मी म्हटलं, हा खेळ नव्हे.
पण शिट्टी सगळ्यांत मोठ्यानं मीच मारली,
कारण पडद्यावर सूर मारणारा तो वजीर
आमचा रणजित ऐवळे होता.
लिलावात किती मिळाले ते त्याच्या आईला
शून्यं बोटांवर मोजून सांगावं लागलं.

जूनमध्ये कारखान्याच्या कॉलेजची गाडी आली.
गेटाबाहेरच थांबली, हॉर्नसुद्धा वाजवला नाही.
हॉस्टेल, बूट, रोज चार अंडी, मॅटवर सराव,
आणि लीगची माणसं बघायला येतात ती तिथंच.
पहिल्या साली आमचे तिघं गेले.
दुसऱ्या साली विट्याचे दोघं, कवठ्याचा तो उंच पोरगा,
तिसऱ्या साली मोजायचं सोडून दिलं.
पोरांना काय बोलणार?
ऐवळ्यांच्या घरावर स्लॅब पडला तेव्हा
पेढे मीच वाटले, दोन जास्तीचे खाल्ले.

ढालीखाली विजेत्यांच्या पत्र्याच्या पट्ट्या आहेत.
शेवटच्या सात पट्ट्यांवर एकच नाव.
सांगलीचा कोरणारा म्हणतो, आता साचाच करून ठेवलाय,
साल तेवढं बदलतो.
पेपरातसुद्धा तीच ओळ:
एक डाव आणि अकरा गुणांनी. एक डाव आणि चौदा गुणांनी.
डाव राखून जिंकतात हे मला कळतं.
राखलेला डाव नंतर कुठं ठेवतात, ते कळत नाही.

यंदा आमचे नऊ भरेनात.
सर म्हणाले, आठांवर खेळू.
मी आठही चौकोन आखले, सवयीनं,
खांबाजवळचा मोकळा राहणारा तोही.
चौथ्या मिनिटाला पहिल्या वर्षाचं एक पोरगं,
नाव विचारायचं राहिलंय,
धापा टाकत तिथवर पळत आलं
आणि रिकाम्या चौकोनावर हात आपटून ओरडलं, खो!

मैदान हसलं. मोबाइल वर झाले.
मीही हसलो, खोटं का बोला.
पण थाप तर पडली होती,
फक्कीत पाच बोटं स्पष्ट उमटलेली,
आणि उठायला तिथं कुणी नव्हतं.